वल्ह्याची गावं, बैलांची गावं

कुठल्या गावात कशाची शर्यत लागते, हे त्या गावाचं पोट कशावर भरलं त्यावर ठरतं. ज्या जनावराच्या, ज्या वाहनाच्या जिवावर पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटल्या, त्याचीच ईर्ष्या माणसाच्या मनात मूळ धरते. आमच्या किन्हवलीत शर्यत म्हटलं की बैल डोळ्यापुढे येतो. सांगलीजवळच्या समडोळीत किंवा कवठेपिरानात शर्यतीचा विषय काढा, समोरचा आधी विचारतो, "गाडीची का होडीची?"

मी जन्माने किन्हवलीचा. इतिहास-भूगोल शिकवण्याची नोकरी सांगली जिल्ह्यात झाली आणि सासुरवाडी मिळाली कसबे डिग्रजची. आता निवृत्त होऊन पुन्हा गावी आलो आहे. इथे पारावर बसलं की लोक विचारतात, "गुरुजी, होडीची शर्यत असते तरी कशी? आणि लोक त्यापायी एवढे वेडे का होतात?" शहापूर-मुरबाडच्या माणसाने हे विचारणं साहजिक आहे. पाऊस आपल्याकडे कोसळतो, नद्या आहेत, धरणं तर आहेतच. पण होडी नाही. या प्रश्नाचं उत्तर पारावर तुकड्यातुकड्यांनी दिलं, आता सलग लिहितो. कारण उत्तर नुसतं खेळाचं नाही, गाव आणि पाणी यांच्या नात्याचं आहे.

आधी आपल्या घरापासून सुरुवात करू. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्यावरून वर चढणारा नाणेघाट दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांचा राजमार्ग होता. वर जुन्नर, खाली कल्याण बंदर. घाटमाथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण. लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासग्रंथात कल्याणचं नाव आहे. देशावरचा माल नाणेघाटाने उतरायचा, मुरबाडच्या सपाटीवरून कल्याणला जायचा आणि तिथून गलबतांत चढायचा. म्हणजे समुद्रापारच्या व्यापाराच्या वाटेवर आपण होतो. पण आपला वाटा बंदराच्या अलीकडचा होता. माल वाहायचा तो बैलाच्या पाठीवर. शीड उभारणं आणि वल्हं मारणं हे खाडीकाठच्या माणसांचं काम.

पुढच्या काळातही तेच. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि तिथेच मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजं बांधायला घेतली. आरमार जिथे जन्मलं ते ठिकाण आपल्यापासून एका दिवसाच्या पायवाटेवर. तरी आपली माणसं सह्याद्रीकडे तोंड करून राहिली. काळू, शाई, भातसा या आपल्या नद्या पावसाळ्यात अंगावर येतात आणि फेब्रुवारीत गुडघ्याएवढ्या होतात. अशा नदीवर बाराही महिने नाव ठेवणारा नावाडी कशावर जगणार? चार महिने पलीकडे जायचंच नाही आणि आठ महिने पाण्यात पाय घालून जायचं, ही आपली रीत पडली.

१८५४ साली आगगाडी कल्याणला आली, १८६१ मध्ये कसाऱ्याला पोचली. माल वाहणाऱ्या तांड्यांचे बैल मागे पडले, पण शेतातला बैल राहिला. पौष पौर्णिमेला म्हशाच्या यात्रेत बैलांचा बाजार भरतो, त्यात आजही जातिवंत खोंडाभोवती माणसांचं कडं पडतं. बैलाचे दात बघणं, खूर बघणं, चालवून बघणं हे आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना शाळेत शिकवावं लागलं नाही. म्हणून आपली शर्यत बैलांची. कल्याण-मुरबाड पट्ट्यात दोन जोड्या एकमेकींविरुद्ध उभ्या करून 'बिनजोड' पळवतात. गुलाल उधळला जातो आणि जिंकलेल्या बैलाचं नाव मालकाच्या नावाआधी घेतलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ ला या शर्यती थांबवल्या, १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. त्या मधल्या वर्षांत आपल्या लोकांचा खालीवर झालेला जीव ज्यांनी पाहिला, त्यांना कृष्णाकाठचा माणूस होडीसाठी काय करतो ते समजायला वेळ लागणार नाही.

कृष्णा ही वेगळी नदी. महाबळेश्वरातून निघून कराडला कोयनेला भेटते आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा तिच्यात येते. काळ्या मातीतून खोल पात्र कापत जाणारी, उन्हाळ्यातही पाणी धरणारी. शेत एका काठाला, घर दुसऱ्या काठाला. लेक एका काठाला दिली, बाजार पलीकडच्या काठाला. नदी ओलांडणं हे रोजचं काम होतं. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ च्या नोव्हेंबरमध्ये खुला झाला, चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या कारकिर्दीत. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन स्वतः उद्घाटनाला आले होते. त्याआधी सांगलीहून पलीकडे सांगलीवाडीला आणि पुढे पश्चिमेला जायचं तर नावेशिवाय गत्यंतर नव्हतं. पूल झाल्यावरही बाकीच्या गावांच्या नावा लगेच थांबल्या नाहीत. हरिपूरच्या संगमावर समोरच्या कोथळीला जाण्यासाठी माणसं अगदी आपल्या काळापर्यंत नावेत बसत होती.

माझे सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, शेतकरी होते. पण त्यांचं बालपण नदीवर गेलं. ते सांगत, "जावईबापू, आमच्याकडं पोराला चालता आलं की पाण्यात टाकायचे." पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा आणि मोठ्या चुलत्याने हाताला धरून डोहात न्यायचं. बिंडा सुटला की मूल पोहायला शिकलं असं धरायचे. नावाड्याला पैसे रोज द्यायची पद्धत नव्हती. सुगी झाली की खळ्यावर त्याचा वाटा धान्यात काढला जाई. मोबदल्यात वर्षभर गावातल्या कुणालाही, कुठल्याही वेळी, त्याने पलीकडे पोचवायचं. रात्री बाळंतिणीला घेऊन जायचं असो की तिरडी असो, नावाड्याला "आता नाही" म्हणायची मुभा नव्हती. आणि नाव नसेल, पूर मोठा असेल, तर गुऱ्हाळावरची काहील पाण्यात सोडायची. गूळ आटवण्याची ती लोखंडी अजस्र कढई. तिच्यात माणसं आणि शेरडं बसवून पोहणारे चौघे ती ढकलत न्यायचे. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात पुराच्या वेळी काहिलीचा असा उपयोग परवापरवापर्यंत झालेला आहे.

आप्पांच्या बोलण्यातून मला एक गोष्ट पक्की कळली. होडीची शर्यत मनोरंजनासाठी बाहेरून कुणी आणून बसवली नाही. पलीकडच्या गावापेक्षा आपली नाव आधी लागली पाहिजे, हा हट्ट रोजच्या तरीतूनच निघाला. बाजारच्या दिवशी दोन गावांच्या नावा एकाच धक्क्याला येत असतील, तर वल्ही आपोआप जोरात पडणारच. त्या ईर्ष्येला दिवस ठरवून दिला, पल्ला ठरवून दिला, पंच दिले, बक्षीस दिलं, की झाली शर्यत.

आता तो दिवस कसा असतो ते सांगतो. ऑगस्टचा महिना, श्रावण. कृष्णा दोन्ही काठ धरून वाहते आहे, पाणी चहाच्या रंगाचं. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास शर्यत ठरते. आयर्विन पुलाच्या कठड्याला माणसांची रांग लागते, घाटाच्या पायऱ्या भरतात, सांगलीवाडीच्या बाजूची झाडंसुद्धा रिकामी राहत नाहीत. सांगलीवाडी, समडोळी, कवठेपिरान, कसबे डिग्रज, मिरजेचा कृष्णा घाट अशा नदीकाठच्या गावांचे बोट क्लब असतात. नाव 'बोट क्लब' असलं तरी तिथे खुर्च्या टाकलेली इमारत किंवा सभासदत्वाची पाटी शोधू नका. तो गावच्या तालमीसारखा कारभार आहे. कुस्तीची तालीम आणि होडी या दोन्हींत तीच पोरं. वर्गणी घरोघर फिरून काढायची, होडी गावाची म्हणून सांभाळायची. शर्यतीआधी आठवडे न्‌ आठवडे संध्याकाळी सराव. दूध, केळी, खारीक कुणी न सांगता पोचवतं. ज्याच्या घरातून वल्हेकरी गेला त्या घरात त्या दिवसांत जागरण-जेवणाचा बेत लावत नाहीत.

सकाळी होडीपुढे नारळ फुटतो, हळद-कुंकू लागतं आणि मगच ती पाण्यात ढकलतात. वल्हेकरी निवडताना बळ बघतातच, पण त्याहून जास्त श्वास बघतात. सगळ्यांची वल्ही एका क्षणी पाण्यात शिरली पाहिजेत आणि एका क्षणी बाहेर आली पाहिजेत. एकटा कितीही ताकदीचा असला आणि त्याचं वल्हं अर्धा क्षण आधी पडलं, तरी तो आपल्याच होडीला मागे खेचतो. मागे बसतो तो जाणता. त्याच्या हाती दिशा. भर पावसाळ्यात कृष्णेच्या मधल्या धारेला ओढ असते. प्रवाहाच्या उलट जायचं तर काठाच्या मंद पाण्यातून जायचं, उतरताना मधली धार पकडायची, वळसा घ्यायच्या जागी आतल्या बाजूचे हात थांबवायचे. ही विद्या पुस्तकात नाही. नावाड्याच्या घरातून ती आली आणि शर्यतीने ती गावभर पसरवली.

काठावरची हलगी सुरू झाली की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. होड्या पुलाखालून निघतात तेव्हा कठड्यावरचे सगळे एका बाजूचे दुसऱ्या बाजूला धावतात. जिंकलेल्या होडीतल्या पोरांना खांद्यावर घेतात, गुलालाने नदीचा काठ लाल होतो. ढाल नाहीतर निशाण घेऊन मिरवणूक गावात जाते ती थेट देवळापुढे. हरलेल्या गावातही त्या रात्री बैठक होते. कुठे वल्हं चुकलं याची चर्चा पुढच्या श्रावणापर्यंत चालते. वाद होतात, कधी पंचांचा निकाल मान्य होत नाही. पण एक पाळलं जातं: होडी कलंडली तर जवळची होडी शर्यत सोडून आधी माणसं उचलते. मला या खेळाचा सगळ्यात मोठा नियम हाच वाटतो.

एका होडीत कोण कोण बसतं ते मी नेहमी बारकाईने पाहत आलो. जुन्या नावाड्याच्या घरातला मुलगा, बागायतदाराचा मुलगा, कारखान्यावर कामाला जाणारा, सलूनमध्ये काम करणारा. गावात ज्यांचे वाडे वेगळे, ज्यांची लग्नं वेगळ्या मांडवात, ते इथे गुडघ्याला गुडघा लावून बसतात, कारण होडीला फक्त वजन आणि ताल कळतो. जात मोडली असा दावा मी करणार नाही. पण एरवी जिथे माणसं अंतर राखतात, तिथे वर्षातले काही आठवडे ती एका श्वासाने चालतात, आणि त्याची आठवण उरते.

जगात सगळीकडे हे असंच झालं का? नाही, आणि म्हणूनच तुलना उपयोगी पडते. लंडनच्या थेम्सवर पूल थोडे होते तेव्हा हजारो नावाडी भाड्याच्या होड्या चालवत. १७१५ साली थॉमस डॉगेट नावाच्या नटाने नुकतीच उमेदवारी संपवलेल्या तरुण नावाड्यांसाठी शर्यत लावली. लंडन ब्रिजपासून चेल्सीपर्यंत वल्हवायचं आणि बक्षीस म्हणजे लाल डगला आणि चांदीचा बिल्ला. ती शर्यत आजही होते. पुढे विद्यापीठं या खेळात आली. ऑक्सफर्ड-केंब्रिजची पहिली शर्यत १८२९ ची, हेन्लेची १८३९ ची. आणि मग १८७९ मध्ये हेन्लेच्या कारभाऱ्यांनी हौशी खेळाडू कोण ते ठरवताना मजुरीवर कारागिरी किंवा अंगमेहनत करणाऱ्याला वगळलं. ज्या हातांनी खेळ जन्माला घातला त्यांनाच काठावर उभं केलं. अमेरिकेच्या जॉन केलीने तरुणपणी विटा रचण्याचं काम केलेलं. १९२० साली त्याला हेन्लेने प्रवेश नाकारला. त्याच्या क्लबशी असलेला जुना वाद आणि त्याचं अंगमेहनतीचं काम, अशी दोन्ही कारणं पुढे आली. त्याच वर्षी त्याने अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या होडीचं सुवर्णपदक जिंकलं. तो नियम १९३७ मध्ये गेला. कृष्णाकाठी असा नियम कुणी केला नाही आणि कुणी केला असता तर शर्यतीला माणूस उरला नसता.

केरळात मात्र आपल्या कृष्णाकाठचं मोठं रूप बघायला मिळतं. आरनमुळ्याला पंपा नदीवर पार्थसारथीच्या देवळासाठी जी पल्लियोडं निघतात, त्यातली प्रत्येक होडी एका गावाची असते. मुळात ओणमसाठी देवाला शिधा घेऊन जाणाऱ्या नावेची सोबत करण्याची ती परंपरा. वल्हेकऱ्यांना देवळात पानावर बसवून मोठं जेवण घालतात आणि ते गाणी म्हणत एकेक पदार्थ मागतात. अलेप्पीची शर्यत धाकटी: डिसेंबर १९५२ मध्ये पंडित नेहरू तिथे गेले, शर्यत पाहून भारावले आणि स्वतःच होडीत चढले, त्यांनी पाठवलेल्या चषकामुळे ती नेहरू ट्रॉफी झाली. शंभराच्या आसपास वल्हेकरी एका होडीत. सरकारने तिला पर्यटनात आणलं, पण मालकी गावांकडेच राहिली.

आपल्या किनाऱ्यावर कोळी बांधवांची नारळी पौर्णिमा आहे. समुद्राला नारळ दिल्यावर होड्या पुन्हा दर्यात लोटायच्या. त्या दिवशी सजवलेल्या होड्यांची मिरवणूक आणि चढाओढ हा सणाचाच भाग. गोव्यात साखळीच्या विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटी नदीत दिव्यांनी उजळलेल्या छोट्या नौकांची स्पर्धा होते. तिथे वेग मोजत नाहीत, कारागिरी मोजतात. रूप वेगळं, पण पाण्याशी देणंघेणं सणातून जागतं ठेवायचं ही बुद्धी एकच.

पुण्यात हा खेळ दुसऱ्या दाराने आला. बंडगार्डनचा बंधारा झाल्यावर मुळा-मुठेचं पाणी साठलं आणि गोऱ्या अधिकाऱ्यांना नौकाविहार करता येऊ लागला. रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा. त्या जगात आपल्याला प्रवेश नव्हता. पण १८५४ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १९२८ पासून नदीवर आपली 'रेगाटा' भरवायला सुरुवात केली. ती आजही विद्यार्थीच उभी करतात. शर्यतींबरोबर पंट होड्यांची रचना, कयाक बॅले, संध्याकाळच्या अंधारात मशाली. मुलींचे संघ तितक्याच जोमाने उतरतात. जलपर्णी आणि सांडपाण्याने ती नदी आज काय झाली आहे ते पुण्याचे लोक जाणतात. जे विद्यार्थी त्या पाण्यात दररोज वल्हं घालतात, त्यांच्याइतकी नदीची दशा दुसऱ्या कुणाला जवळून दिसत नाही. नदीचं दुखणं सगळ्यात आधी वल्हेकऱ्याला कळतं.

आणि पुण्यातच आपल्यासारख्याच, होडी माहीत नसलेल्या मुलखातून आलेला एक मुलगा घडला. दत्तू भोकनळ, नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. दुष्काळी गाव. वडील गेले, शिक्षण अर्धवट राहिलं, विहिरी खोदण्यापासून पेट्रोल पंपापर्यंत मिळेल ते काम त्याने केलं. २०१२ मध्ये खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये भरती झाला तेव्हा त्याला पाण्याची भीती वाटायची. सैन्याच्या प्रशिक्षकांनी उंची आणि दम बघून त्याला होडीत बसवलं. चार वर्षांनी, २०१६ मध्ये, रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या होडीत तो तेरावा आला, आणि तेव्हा त्याची आई अपघातानंतर बेशुद्धावस्थेत होती. २०१८ च्या आशियाई खेळांत चौघांच्या होडीत त्याने सोबत्यांसह सुवर्ण जिंकलं. विहीर खोदणारा हात जगातल्या चांगल्या वल्ह्यांत मोजला गेला. पाण्यावर वाढलेल्या मुलांनाच वल्हं साधतं असा समज त्याने मोडला. म्हणून शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक शिक्षकाने त्याची गोष्ट वर्गात सांगायला हवी.

शर्यतीतून गावाला काय मिळतं, असं मला कुणी विचारलं तर मी पुराकडे बोट दाखवतो. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका धरतात. २००५ मध्ये पाणी त्याच्या खूप वर गेलं, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या पुढे. निम्मी सांगली पाण्यात होती. एनडीआरएफ आणि लष्कर आलं, त्यांनी मोठं काम केलं. पण ती येईपर्यंतचे पहिले तास गावांनी आपल्या बळावर काढले. कुठल्या गल्लीत विजेची तार खाली आहे, कुठल्या शेताच्या बांधावरून धार ओढते, कुठल्या घरात एकटी म्हातारी आहे, हे शर्यतीतल्या पोरांना माहीत होतं. याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली आणि डझनाहून जास्त जीव गेले. बहुतेक बायका आणि मुलं. होडीत किती माणसं बसवायची, भीतीने गर्दी लोटली तर कुणाला थांबवायचं, कुठून पाणी कापायचं, हे ज्ञान केवढं मोलाचं आहे ते त्या दिवशी साऱ्या जिल्ह्याने रडत शिकलं. पूल झाला, रस्ते झाले, नावाड्याचा धंदा गेला. त्या धंद्याची विद्या आज गावात जिवंत राहण्याची एकच जागा उरली आहे, ती म्हणजे शर्यतीची होडी.

आता पुन्हा घरी येतो. तानसा तलाव १८९२ मध्ये बांधून झाला, मोडकसागर १९५७ मध्ये. भातसा त्यानंतरचा, आणि मुंबईच्या रोजच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. मुरबाडच्या बाजूला बारवी आहे, ती औद्योगिक पट्ट्याला आणि शहरांना पाजते. कोट्यवधी माणसांची तहान भागवणारा हा मुलूख, आणि याच मुलखातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. पाणी डोळ्यांना दिसतं, घागरीत येत नाही. पण मला इथे आणखी एक तुटलेपण दिसतं. धरणाच्या काठी जन्मलेली मुलं पाण्याला परकी झाली आहेत. फुगवट्यात ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारे आपले आदिवासी बांधव सोडले, तर पाण्यावर जायचं कसं हे कुणाला येत नाही. दर पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे फलक लागतात, तरी माणसं बुडतात. बंदीने माणूस पाण्यापासून लांब राहतो, पण पाणी ओळखायला शिकत नाही.

बैलाची शर्यत आपण जपली, तशीच जपावी. जनावराला इजा न करता, कायद्याच्या अटी पाळून. पण आपला पुढचा काळ पाण्याचा आहे. काळू आणि शाईवर धरणांच्या योजना वर्षानुवर्षं चर्चेत आहेत. आणखी गावांच्या अंगणात पाणी येईल किंवा येणार नाही, पण जे आधीच आलं आहे त्याच्याशी आपलं नातं काय? जमीन गेली, जंगल गेलं, काठावर उभं राहून पाणी बघायचं, एवढंच का?

सुरुवात साधी करता येईल. शहापूर आणि मुरबाडमधल्या प्रत्येक माध्यमिक शाळेने पाचवी-सहावीच्या मुलामुलींना पोहायला शिकवावं. आधी गावतळ्यात, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, अंगात जीवरक्षक जाकीट घालून. पांगाऱ्याचा बिंडा आता मिळणार नाही, पण जाकीट मिळतं. त्यातून तयार झालेल्या मुलांना दोन वर्षांनी वल्हं हातात द्यावं. वल्ह्याच्या होडीला डिझेल लागत नाही, तिने पिण्याचं पाणी खराब होत नाही. त्यामुळे रीतसर परवानगी मागायला आपल्याकडे भक्कम कारण आहे. सांगलीच्या बोट क्लबांतले जुने वल्हेकरी आणि पुण्यात सैन्यात तयार झालेले खेळाडू यांना बोलावलं तर ते शिकवायला आनंदाने येतील. कृष्णाकाठची माणसं मी ओळखतो. आणि मग एखाद्या वर्षी, ऑगस्टमध्ये, किन्हवलीची, डोळखांबची, सरळगावची होडी एका रेषेत उभी राहावी. होडी गावाची असावी, वर्गणी घरोघरची असावी, मुलींची होडी वेगळ्या दिवशी नाही तर त्याच दिवशी सुटावी, आणि पहिला नियम कृष्णाकाठचा घ्यावा: कुणाची होडी कलंडली तर शर्यत सोडून आधी माणूस उचलायचा.

हे गावाने मनावर घेतलं तर होतं. ग्रामसभेत विषय मांडायला मी तयार आहे. ज्यांची मुलं या तालुक्यात वाढत आहेत त्यांनी सोबत यावं.